इकोचा आकडा घसरला, पण कशाच्या तुलनेत?

प्रश्न: माझं वय ४६. डाव्या स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन करून स्तन काढला आणि त्यानंतर डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचे चार डोस झाले. आता ट्रास्टुझुमॅब सुरू व्हायचं आहे. ऑपरेशनच्या आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला होता, तेव्हा पंपिंग ६२ टक्के आणि स्ट्रेन वजा २०.४ होता. परवा दुसऱ्या केंद्रात इको केला. तिथल्या मशीनमध्ये एआय आहे. पंपिंग ५८ टक्के आलं आणि डॉक्टरांनी 'हृदयाचं कार्य नॉर्मल' असं लिहिलं. पण त्याच रिपोर्टवर कॉम्प्युटरची ओळ आहे : स्ट्रेन वजा १६.८, लक्षणीय घट. सोबत लाल-गुलाबी रंगाचं एक गोल चित्र आहे. मला त्रास काहीच नाही, जिने चढते, घरातलं सगळं करते. हृदयाच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या सुचवल्या आहेत. भाऊ म्हणतो, कॉम्प्युटरच्या अंदाजावर गोळ्या कशाला? आई म्हणते, हृदयावर परिणाम झालाय तर पुढचं औषध घेऊच नकोस. मशीनचं ऐकू की डॉक्टरांचं? शिवाय माझे मिस्टर म्हणतात, त्यांनीही एआयवाला इको करून घ्यावा. तुम्ही काय सांगाल?

उत्तर: ताई, सुरुवात तुमच्या आईंच्या म्हणण्यापासून करते, कारण बाकीच्या गोष्टी दोन-चार दिवस थांबू शकतात, ही थांबू शकत नाही. ट्रास्टुझुमॅब स्वतःच्या मनाने टाळू नका आणि पुढेही ढकलू नका. आईंची काळजी मला समजते. पण कर्करोग परत येऊ नये म्हणून जे औषध आहे, ते एका आकड्याच्या भीतीने सोडण्याची वेळ तुमच्यावर आलेली नाही. युरोपियन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये कर्करोग-उपचार आणि हृदय यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. पंपिंग ५० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, रुग्णाला त्रास नाही, फक्त स्ट्रेन घसरलाय, ही अवस्था त्यात 'सौम्य' गटात मोडते. अशा वेळी कर्करोगाचे उपचार चालू ठेवावेत, हृदयाला सांभाळणाऱ्या गोळ्यांचा विचार करावा आणि तपासण्या नियमित कराव्यात, असं त्या सांगतात. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला या चौकटीत बसतो.

आता रिपोर्टवरच्या त्या दोन ओळी. तुम्हाला वाटतंय की डॉक्टर एक सांगतायत आणि मशीन दुसरंच. तसं नाही. दोघांनी मोजलेल्या गोष्टीच वेगळ्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पंपिंग म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर फेकलं गेलं ते. साधारण ५५ ते ७० ठीक मानतात. स्ट्रेन वेगळा. ठोका पडताना हृदयाचा स्नायू वरपासून टोकापर्यंत लांबीत किती आखडतो, ते तो सांगतो. आखडणं म्हणजे लांबी कमी होणं, म्हणून आकड्यापुढे वजा येतं. त्या वजाने दचकू नका. वजा २० च्या आसपास चांगला समजतात. वजा १६ म्हणजे स्नायू त्याहून कमी आखडतोय.

मग स्ट्रेन घसरूनही पंपिंग नॉर्मल कसं? डाव्या कप्प्याच्या भिंतीत स्नायूचे धागे एकाच दिशेने जात नाहीत. आतल्या थरातले धागे बरेचसे उभे असतात, मधल्या थरातले कप्प्याभोवती वेढे घालून आडवे. ठोका पडताना ओला कपडा पिळावा तसं हृदय पिळलं जातं. आतला उभा थर सगळ्यात नाजूक, दुखापत झाली की बहुतेक वेळा आधी तोच कमकुवत होतो. मधले आडवे धागे त्याची कसर भरून काढतात, रक्त पुरेसं बाहेर पडत राहतं आणि पंपिंगचा आकडा हलत नाही. तो हलतो तेव्हा भरपाई करायची ताकदही कमी पडू लागलेली असते. म्हणून स्ट्रेन आधी बोलतो.

यात एआय नेमकं काय करतं, ते सांगते, म्हणजे त्यावर किती विश्वास टाकायचा हे तुम्हालाच ठरवता येईल. इकोच्या चित्रात स्नायूवर करडे-पांढरे बारीक ठिपके दिसतात. सेकंदाला पन्नास-साठ चित्रं निघतात आणि सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रात तेच ठिपके शोधून ते किती सरकले हे मोजतं. ही पद्धत जुनी आहे. पूर्वी हृदयाच्या आतली कडा माणसाला माउसने आखावी लागायची, ठोका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवावं लागायचं. आता हे चित्र कोणत्या कोनातलं आहे ते ओळखणं, कडा आखणं, ठोका निवडणं, सगळं सॉफ्टवेअर करतं. फायदा खरा आहे. तीच चित्रफीत त्याच सॉफ्टवेअरला पुन्हा दिली तर आकडा तोच येतो. माणसाचा येईलच असं नाही. साध्या टूडी इकोत एकाच रुग्णाचं पंपिंग दोन वेगळ्या वेळी मोजलं तर हृदयात काहीही बदल नसताना दहा अंकांपर्यंत फरक पडू शकतो. तुमचं ६२ वरून ५८ होणं त्यातच जमा आहे, त्याची अजिबात चिंता करू नका.

मशीन विरुद्ध डॉक्टर या तुमच्या प्रश्नावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दहा हजारांवर इकोच्या चित्रफितींवर शिकवलेली एक प्रणाली प्रसिद्ध केली. पुढे लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात तिची रीतसर परीक्षा झाली आणि निष्कर्ष २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आले. ३,४९५ इकोंमध्ये पंपिंगचं पहिलं मोजमाप कधी एआयने केलं, कधी इको काढणाऱ्या तंत्रज्ञाने. ते कोणाचं आहे हे न सांगता तज्ज्ञ डॉक्टरांना अंतिम निर्णय द्यायला सांगितलं. तंत्रज्ञांच्या मोजमापात डॉक्टरांनी २७.२ टक्के वेळा मोठी दुरुस्ती केली, एआयच्या मोजमापात १६.८ टक्के वेळा. मला यातले दोन्ही आकडे महत्त्वाचे वाटतात. एआयचं काम चांगलं होतं, आणि तरीही साधारण दर सहा इकोंमागे एकात डॉक्टरांना हात घालावा लागला. हा अभ्यास पंपिंगचा होता, स्ट्रेनचा नव्हता, तेव्हा तो जसाच्या तसा तुमच्या रिपोर्टला लागू करता येत नाही. पण कामाची वाटणी तीच हवी : पहिलं मोजमाप मशीनचं, शेवटचा शब्द चित्र डोळ्यांनी बघणाऱ्या डॉक्टरांचा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. पहिला इको एका केंद्रात झाला, दुसरा दुसरीकडे.

स्ट्रेनमध्ये नुसता आजचा आकडा फारसं सांगत नाही, तुमच्याच आधीच्या आकड्यापेक्षा तो किती घसरला ते बघायचं असतं. मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर ती दखल घेण्याजोगी मानतात. तुमचा २०.४ वरून १६.८ झाला, म्हणजे ३.६ ने उतरला, मूळच्या साडेसतरा टक्क्यांच्या आसपास. रेषा ओलांडली गेली आहे. पण वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं एकाच हृदयाचा स्ट्रेन थोडा वेगळा देतात. हे तपासण्यासाठी युरोपियन आणि अमेरिकन इको-तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून एक अभ्यास केला होता. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात कंपन्या-कंपन्यांतला सर्वांत मोठा फरक ३.७ अंकांपर्यंत निघाला. तुमची सगळी घट ३.६ ची आहे. ती पूर्णपणे मशीनच्या फरकामुळे आली असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा फरक याहून लहान असतो, आणि डॉक्सोरुबिसिननंतर खरोखरची घट होणं अगदी शक्य आहे. पण त्यातली किती तुमच्या हृदयाची आणि किती मशीनची, हे आज हातात असलेल्या दोन कागदांवरून कुणालाच सांगता येणार नाही. 'लक्षणीय घट' ही ओळ छापणाऱ्या सॉफ्टवेअरलाही नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. पहिल्या केंद्रात जा आणि जुन्या इकोच्या मूळ चित्रफिती मागा. छापील रिपोर्ट किंवा फोटो चालणार नाहीत, हलणारी चित्रं हवीत, डायकॉम स्वरूपात (वैद्यकीय चित्रं साठवायचा ठरलेला फाइल-प्रकार), सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. रुग्ण म्हणून तुम्ही त्या मागू शकता. मग हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, की जुन्या आणि नव्या दोन्ही फिती एकाच सॉफ्टवेअरमध्ये घालून पुन्हा मोजता येतील का. कोणत्याही कंपनीच्या मशीनवरच्या फिती वाचणारी सॉफ्टवेअर्स असतात. दोन्ही आकडे एकाच फूटपट्टीने मोजले की तुलनेला अर्थ येतो. ते जमलंच नाही, तर नव्या केंद्रातला आकडा तुमची नवी सुरुवात धरायची आणि पुढचे सगळे इको तिथेच करायचे.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूच्या ऑपरेशनची. इको काढताना तुम्हाला डाव्या कुशीवर वळवून छातीच्या डाव्या बाजूला, स्तनाखाली, प्रोब म्हणजे हातात धरायचं उपकरण टेकवतात. हृदयाचं टोक नीट दिसायला तीच जागा लागते. ऑपरेशनच्या आधी ती मोकळी होती. आता तिथे व्रण आहे, कदाचित त्वचा ताणलेली आहे, दाबलं की दुखतही असेल. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी आत पिशवी बसवली असेल तर चित्र आणखी अंधूक होतं. प्रोब थोडा वर किंवा बाजूला सरकला की हृदयाचं टोक कापलं जातं आणि पडद्यावर कप्पा खरा असतो त्याहून आखूड दिसतो. एआय अशा चित्रावरही कडा आखून देतं आणि दशांश चिन्हासकट आकडा छापतं. चित्र खराब असलं तरी आकडा तितकाच ठाम दिसतो, या तंत्रातली मला सर्वांत धोक्याची वाटणारी जागा ही आहे. काही सॉफ्टवेअर्स चित्राच्या दर्जाबद्दल सूचना देतात, पण ती सूचना छापील रिपोर्टपर्यंत पोचेलच असं नाही.

ते लाल-गुलाबी गोल चित्र इथे उपयोगी पडतं. त्याला डॉक्टर 'बुल्स आय' म्हणतात. डावा कप्पा टोकाकडून बघून सपाट पसरला, तर मधला भाग म्हणजे टोक आणि बाहेरची कड म्हणजे वरचा भाग. ते सतरा किंवा अठरा तुकड्यांत वाटलेलं असतं आणि प्रत्येक तुकड्यावर आकडा असतो. अनेक मशीनवर गडद लाल म्हणजे चांगलं आखडणं, फिकट गुलाबी म्हणजे कमी, आणि निळं म्हणजे तो तुकडा उलट ताणला जातोय असं मशीनला दिसलं. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हेच चित्र पुढे ठेवा आणि विचारा, "हा फिका भाग खरा आहे, की इथे ठिपके नीट पकडले गेले नाहीत?" ते मूळ फीत लावतील, आखलेली कडा स्नायूबरोबर सरकतेय का ते बघतील. कडा एकीकडे आणि स्नायू दुसरीकडे जात असेल तर तो तुकडा मोजणीतून काढतात. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते तुमच्या समोर व्हावं अशी विनंती करायला संकोच करू नका. इकोच्या दिवशी रक्तदाब किती होता तेही विचारा. रक्तदाब चढलेला असला की हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं आणि स्ट्रेन कमी येतो. पुढच्या प्रत्येक इकोच्या कागदावर त्या वेळचा रक्तदाब लिहून घ्या. आणि ट्रोपोनिन, एनटी-प्रोबीएनपी या हृदयाची इजा किंवा ताण दाखवणाऱ्या रक्ततपासण्या झाल्या नसतील तर त्या कराव्यात का, हेही विचारा. त्यांचा इकोचं चित्र किती स्पष्ट आलं याच्याशी काही संबंध नसतो, त्यामुळे स्ट्रेनची घट खरी की नाही याला वेगळ्या बाजूने पुरावा मिळतो.

आता गोळ्या आणि तुमचा भाऊ. त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण स्ट्रेनच्या आधारे औषध सुरू केल्याने अखेर किती फायदा होतो यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. 'सकर' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हेच तपासलं. डॉक्सोरुबिसिनच्या वर्गातली औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या एका गटात स्ट्रेन घसरला की गोळ्या सुरू केल्या, दुसऱ्या गटात पंपिंग घसरेपर्यंत वाट पाहिली. वर्षानंतर सरासरी पंपिंगमध्ये दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. मात्र उपचारांमुळे हृदय कमकुवत झाल्याची व्याख्या लागू पडणारे रुग्ण स्ट्रेनच्या गटात ५.८ टक्के होते आणि दुसऱ्यात १३.७ टक्के. तीन वर्षांनी पंपिंग दोन्हीकडे सारखंच दिसलं.

मग मी कोणत्या बाजूला? तुमच्या बाबतीत गोळ्यांच्या. मिलानमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक निरीक्षण मांडलं, ते या विषयात काम करणाऱ्या कुणालाही विसरता येत नाही. डॉक्सोरुबिसिनच्या वर्गातल्या औषधांमुळे ज्यांचं हृदय कमकुवत झालं, त्यांना केमो संपल्यावर हृदयाची औषधं जितक्या उशिरा मिळाली तितकं हृदय सावरण्याचं प्रमाण घटत गेलं. पहिल्या दोन महिन्यांत औषधं मिळालेल्यांत ६४ टक्के सावरले. सहा महिन्यांनंतर सुरुवात केलेल्यांपैकी एकाचंही पंपिंग पूर्ण पूर्ववत झालं नाही. ते रुग्ण तुमच्याहून पुढच्या अवस्थेतले होते, पण लवकर लक्ष घालण्याला मोल का आहे ते यावरून कळतं. शिवाय तुमच्यापुढे दुसरं औषध उभं आहे. हृदयाच्या पेशी स्वतःची दुरुस्ती करायला जी यंत्रणा वापरतात, तीच ट्रास्टुझुमॅब अडवतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत डॉक्सोरुबिसिनच्या वर्गातलं औषध आणि ट्रास्टुझुमॅब एकाच वेळी दिली, तेव्हा २७ टक्के रुग्णांमध्ये हृदयावर परिणाम दिसला. तेव्हापासून ती एकत्र न देता एकामागून एक देतात, जसं तुमचं चाललं आहे. ट्रास्टुझुमॅबचा परिणाम बहुतेकदा औषध थांबवल्यावर भरून निघतो, हीही त्यातली चांगली बाजू. म्हणून त्यात शिरताना हृदयाला थोडा आधार दिलेला असावा, हे मला पटतं. अशा वेळी सहसा दिल्या जाणाऱ्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांच्या रोजच्या हातातल्या आहेत. रक्तदाब फार उतरणं, चक्कर, काहींना कोरडा खोकला, पोटॅशियम वाढणं एवढ्यावर लक्ष ठेवावं लागतं. तुमचा रक्तदाब मुळातच कमी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन्ही इको एकाच सॉफ्टवेअरवर मोजून घट किरकोळ निघाली, तर गोळ्या हव्यातच का यावर डॉक्टरांशी पुन्हा बोलता येईल. भावालाही त्या भेटीला सोबत न्या. प्रश्न विचारणारा माणूस शेजारी असणं चांगलंच.

मिस्टरांबद्दल थोडक्यात. त्यांना त्रास नसेल, रक्तदाब-मधुमेह नसेल, घरात कुणाला लहान वयात हृदयाचा आजार झालेला नसेल, तर नुसता एआय आहे म्हणून इको करू नये. निरोगी माणसांत अशा तपासण्या सरसकट केल्या की खोट्या इशाऱ्यांची संख्या वाढते आणि प्रत्येक इशाऱ्यामागे आणखी तपासण्या लागतात. धाप, पायांना सूज, छातीत दुखणं यातलं काही असेल तर मात्र एआयची वाट न बघता डॉक्टरांकडे जायला सांगा. या दिशेने खरं आशादायक काम साध्या ईसीजीवर चाललं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ईसीजीवरून कमकुवत पंपिंग ओळखणारी प्रणाली बनवली आणि २२ हजारांवर रुग्णांत ती वापरून पाहिली. २०२१ च्या निष्कर्षांनुसार ९० दिवसांत कमी पंपिंगचं निदान प्रणाली वापरलेल्या गटात २.१ टक्के आणि न वापरलेल्या गटात १.६ टक्के रुग्णांत झालं. फरक लहान आहे, पण ज्यांचा आजार कदाचित बराच काळ कळलाच नसता ते त्यात आहेत. तिथेही मशीनने बोट दाखवल्यावर खात्री इकोनेच केली.

ट्रास्टुझुमॅब सुरू झाल्यावर साधारण दर तीन महिन्यांनी इको होईल. स्ट्रेन घसरलेला असल्यामुळे पहिला थोडा लवकर बोलावतील. मध्येच उताणं झोपल्यावर धाप लागली, रात्री श्वास कोंडून जाग आली, पायांवर सूज दिसली, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, छातीत धडधड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. आणि पुढच्या इकोची वेळ घेताना केंद्राला तीन गोष्टी आधीच सांगा : डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय, मागच्याच मशीनवर तपासणी हवी आहे, आणि शक्यतो तेच तंत्रज्ञ असावेत. त्यांना व्रणाच्या आजूबाजूने नीट चित्र कुठून मिळतं ते एकदा सापडलेलं असेल.